ब्लूटूथ हेडफोनवर तानपुऱ्याची जवारी का हरवते?

जवारी (जुळे सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी जुळे सोलापुरात गायनाचे वर्ग घेते आणि पहाटेचा माझा स्वतःचा रियाज फोनवरच्या तानपुऱ्यावर करते. घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू असताना, मी कान पूर्ण झाकणारे ब्लूटूथ हेडफोन विकत घेतले. त्यांची किंमत माझ्या दृष्टीने बरीच होती आणि खोक्यावर एलडॅकचे (ब्लूटूथवर उच्च दर्जाचा आवाज पाठवण्याच्या पद्धतीचे) चिन्ह ठळकपणे छापलेले आहे. फोन अँड्रॉइडचा असून तो दोन वर्षांपूर्वीचा आहे.

माझी अडचण अशी आहे की, या हेडफोनवर तानपुरा लावला की खर्जाच्या तारेतून आपोआप उमलणारा गंधार ऐकू तर येतो, पण त्याची झळाळी, म्हणजेच जवारी, नाहीशी होते. सगळा नाद जाड गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. नुसते रेकॉर्डिंग ऐकत बसले तर नाद बराच बरा असतो, आणि रियाज सुरू केला की पुन्हा तोच मिटलेला आवाज येतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या साध्या वायरच्या इअरफोनवर हाच तानपुरा, याच फोनवरून, कितीतरी मोकळा वाजतो. रियाजाचे ध्वनिमुद्रण मी त्याच ॲपमध्ये करून ठेवते, म्हणजे नंतर चुका ऐकता येतात. माझी पट्टी काळी चार आहे.

दुकानात विचारले तेव्हा फोन बदला असे सांगण्यात आले. फोन बदलण्याची माझी तयारी नाही, पण त्याने खरोखरच फरक पडणार असेल तर विचार करीन. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रेडिओदुरुस्ती (नवी पेठ) यांचे उत्तर

ताई, फोन बदलू नका. आपल्या प्रश्नातच उत्तर आहे: नुसते ऐकताना नाद बरा असतो आणि रियाजाच्या वेळी मिटतो. त्या दोन वेळांमध्ये तानपुरा बदलत नाही, हेडफोन बदलत नाही. बदलते ते एवढेच की रियाजाच्या वेळी आपण ध्वनिमुद्रण सुरू करता.

ब्लूटूथवर आवाज पाठवण्याच्या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. एक संगीतासाठीची, जिच्यात आवाज फोनकडून हेडफोनकडे एकाच दिशेने जातो आणि डावी-उजवी बाजू वेगळी राहते. दुसरी फोनवरील संभाषणासाठीची, जिच्यात आवाजाला जावेही लागते आणि यावेही लागते. ध्वनिमुद्रण करणारे ॲप जर हेडफोनचा मायक्रोफोन वापरू लागले, तर फोन मुकाट्याने पहिली वाट सोडून दुसरी धरतो, आणि आपण ऐकत असलेला तानपुराही मग त्याच संभाषणाच्या वाटेने येऊ लागतो. या वाटेच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्याहून वरची कंपने त्यात मावूच शकत नाहीत, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. नव्या पद्धतीत १६,००० नमुने असतात, म्हणजे मर्यादा ८,००० हर्ट्झची. संगीताच्या सीडीत हीच संख्या ४४,१०० असते.

आता आपल्या गंधाराचा हिशेब करून पाहा. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्म्याने म्हणजे १०४, आणि स्वयंभू गंधार हा खर्जाच्या पाचपट, म्हणजे ५२०च्या आसपास. तो ४,०००च्या पुष्कळ खाली असल्यामुळे आपल्याला ऐकू येतोच, आणि तसे आपण लिहिलेही आहे. पण तारांखालच्या घोडीवर सूत बसवल्यावर तारेतून जी वरच्या अंशांची (मूळ स्वराच्या पटीतल्या उंच कंपनांची) गर्दी निघते, ती फार वरपर्यंत जाते. झळाळी तिथे असते आणि संभाषणाच्या वाटेवर नेमकी तीच कापली जाते. आपल्या कानाने अचूक निदान केलेले आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

उपाय सोपा आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये आपल्या हेडफोनच्या नावाशेजारी जे चक्राचे चिन्ह असते, ते दाबल्यावर ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे वेगवेगळे पर्याय दिसतात. त्यातला ‘फोन कॉल’ बंद करा आणि ‘मीडिया ऑडिओ’ चालू ठेवा. मग हेडफोनचा मायक्रोफोन फोनला मिळणारच नाही आणि ध्वनिमुद्रण फोनच्या स्वतःच्या मायक्रोफोनवरून होईल, जो गाण्यासाठी तसाही अधिक चांगला असतो. फोन समोर स्टँडवर ठेवा. रियाज संपल्यावर तो पर्याय पुन्हा चालू करण्याचे लक्षात ठेवा, नाहीतर फोन आल्यावर हेडफोनवर बोलता येणार नाही.

धोटा (अक्कलकोट रोड) यांचे उत्तर

आमचे घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे, त्यामुळे या विषयावर मी थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. कानावरची गादी नीट टेकली नाही, चष्म्याची काडी मधे आली, किंवा कानात बसणाऱ्या इअरबडची रबरी टोपी मापाची नसली, तर खर्ज आधी गळतो आणि उरलेला आवाज पोकळ वाटतो. ताईंनी हे एकदा तपासावे. बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय मागाच्या सलग घरघरीवर चांगली चालते, पण मागातून ये-जा करणाऱ्या धोट्याच्या आघातासारखा तुटक, तीक्ष्ण आवाज तिला तितकासा आवरत नाही. तो गादीच्या जाडीनेच अडवावा लागतो. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे ही आमच्या भागातली फार वाईट सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि गाणाऱ्या माणसाने तर कान सर्वांत आधी जपला पाहिजे.

जवारी (जुळे सोलापूर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज पहाटे ‘फोन कॉल’चा पर्याय बंद करून रियाज केला, आणि तानपुरा उघडला! चार महिने मी विनाकारण हेडफोनला दोष देत होते.

आता आणखी दोन गोष्टी विचारते. माझ्या भाच्याने फोनमधले डेव्हलपर पर्याय उघडून दाखवले, तेव्हा ब्लूटूथ कोडेकच्या जागी ‘एसबीसी’ असे लिहिलेले दिसले. एलडॅकचे पैसे मोजले असताना तो वापरला का जात नाही? आणि दुसरे म्हणजे, संध्याकाळी धर्मवीर संभाजी तलावाकाठी चालताना आवाज मधेमधे तुटतो, घरात मात्र कधी तुटत नाही. मोकळ्या जागेत तर कसलाच अडथळा नसतो, मग असे का व्हावे?

मूळचा सोलापूरकर (सध्या पुणे) यांचे उत्तर

ताई, पहिल्या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी लागते. सीडीच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट एवढी माहिती जावी लागते. ब्लूटूथवर एवढा प्रवाह अखंड टिकवणे कठीण असल्यामुळे फोन आवाजाची घडी घालून पाठवतो आणि हेडफोन ती उलगडतो. या घडी घालण्याच्या पद्धतीलाच कोडेक म्हणतात. एसबीसी ही सर्व संगीत-हेडफोनांना सक्तीची असलेली पद्धत आहे, म्हणून दुसरे काही जुळले नाही की फोन तिच्यावर येतो. ती संपूर्ण आवाज चार किंवा आठ पट्ट्यांत विभागते आणि ज्या पट्टीत जोर अधिक, तिला अधिक जागा देते. चांगल्या मांडणीत तिचा वेग सुमारे ३२८ किलोबिट असतो. सोनीने २०१५ मध्ये आणलेला एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतो आणि २०१७च्या अँड्रॉइड ८पासून तो अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीतच आहे. म्हणजे आपल्या फोनमध्ये तो असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

मग तो लागत का नाही? बहुतेक वेळा कारण हेडफोनच्या बाजूला असते. कंपनीच्या ॲपमध्ये ‘स्थिर जोडणीला प्राधान्य’ आणि ‘आवाजाच्या दर्जाला प्राधान्य’ अशी निवड असते आणि ती पहिल्यावर ठेवलेली आढळते. शिवाय हेडफोन एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप अशा दोहोंना जोडलेला असेल, तर काही हेडफोन एलडॅक सोडून देतात. दोन्ही तपासा, हेडफोन बंद करून पुन्हा जोडा आणि त्याच्या नावाखाली ‘एचडी ऑडिओ’ किंवा ‘एलडॅक’ असा पर्याय दिसला तर तो चालू करा. डेव्हलपर पर्यायात कोडेक जबरदस्तीने बदलण्याच्या फंदात पडू नका. पुष्कळ फोनांत पुढच्या जोडणीला ती निवड टिकत नाही आणि माणूस उगाच गोंधळतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी आयफोन वापरत असेल तर त्यांनी एलडॅक किंवा अॅप्टएक्स या कोडेकसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण आयफोन एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक देतो. त्याचा एएसी चांगला असतो. अँड्रॉइडमध्ये मात्र एएसीचा दर्जा फोनागणिक बदलतो.

तलावाकाठचा आवाज तुटण्याचे कारण मला स्वतःला फार रंजक वाटते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि या लहरी आपल्या शरीरातील पाणी शोषून घेते. फोन उजव्या खिशात आणि हेडफोनचा अँटेना डाव्या कानाशी असला, तर मधे सबंध शरीर येते. घरात लहरी भिंतींवरून आणि छतावरून परावर्तित होऊन वळसा घालून पोहोचतात. तलावाकाठी आजूबाजूला भिंतच नसते, म्हणून त्या वळशाची वाट बंद होते. फोन एकदा डाव्या बाजूला आणि एकदा उजव्या बाजूला ठेवून पाहा, जिकडे आवाज तुटणार नाही तिकडेच ठेवा, किंवा पर्समध्ये समोरच्या बाजूला धरा. एलडॅक लागल्यावर हे तुटणे वाढेल, कारण ९९० किलोबिटला चुकीला जागा फार कमी उरते. बाहेर ६६० पुरेसा आहे. घरात वायफायचा राउटर असेल तर फोन त्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडा, म्हणजे २.४ वरची गर्दी कमी होईल.

जुन्या तबकड्या (सात रस्ता) यांचे उत्तर

वरील सर्व खरे आहे, तरी मूळ ध्वनिमुद्रणाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मोबाइल डेटावर बहुतेक संगीत-ॲप्स आपोआप खालचा दर्जा निवडतात. तो सेटिंगमध्ये जाऊन वाढवावा लागतो, नाहीतर एलडॅकच्या घडीत निकृष्ट मालच जातो. उलट १९२५पूर्वीच्या, विजेचा मायक्रोफोन येण्याआधी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्या ऐकताना कोडेकची चिंताच करू नये. त्या भोंग्याने वरची कंपने टिपलेलीच नाहीत. मी तसल्याच तबकड्या अधिक ऐकतो आणि माझा एसबीसीवरचा जुना हेडफोन मला पुरतो.

जवारी (जुळे सोलापूर)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मी खरोखर ऋणी आहे. हेडफोन माझ्या लॅपटॉपलाही जोडलेला होता आणि ॲपमध्ये स्थिर जोडणीचाच पर्याय होता. दोन्ही बदलल्यावर ‘एलडॅक’ दिसू लागला.

नंतर मी भाच्याला माझ्या पाठीमागे बसवले आणि मला न सांगता कोडेक बदलायला लावले. तानपुरा दहा वेळा ऐकला. एसबीसी आणि एलडॅक यांच्यातला फरक मला सात वेळा ओळखता आला, तोही डोळे मिटून, तारेचा शेवटचा झंकार विरेपर्यंत थांबल्यावरच. संभाषणाची वाट मात्र त्याने एकदा मधेच लावली, ती पहिल्या छेडीलाच कळली. माझ्यासाठी खरी दुरुस्ती ती पहिलीच होती. एलडॅकने जे मिळाले ते त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, पण मला ते हवे आहे. तलावाकाठी फोन डाव्या बाजूला ठेवल्यावर आवाज तुटणे थांबले.

आता शेवटची शंका. काल तानपुऱ्याऐवजी तबला लावून ध्वनिमुद्रण केले. गाताना समेवर बरोबर येत होते, परंतु नंतर ऐकताना माझा आवाज तबल्याच्या मागे पडलेला आहे. लय मध्य, मिनिटाला साधारण १२० मात्रांची होती. माझी लय इतकी बिघडली असेल असे वाटत नाही.

रेडिओदुरुस्ती (नवी पेठ)

ताई, आपली लय बिघडलेली नाही. आवाजाची घडी घालणे, पाठवणे, हेडफोनमध्ये थोडा साठवून उलगडणे, या सगळ्याला वेळ लागतो आणि तो सामान्यतः सेकंदाच्या दोन दशांशांच्या आसपास जातो. १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे तबला आपल्या कानी जवळजवळ अर्ध्या मात्रेने उशिरा पोहोचतो. आपण त्याच्याशी अचूक जुळवून गाता, पण फोनच्या हिशेबी तबला केव्हाच पुढे गेलेला असतो. द्रुत लयीत हा फरक पूर्ण मात्रेजवळ जाईल. तानपुऱ्याला मात्रा नसल्यामुळे तिथे याचा काही उपद्रव झाला नाही.

एलडॅकच्या वरच्या पायरीने हा उशीर कमी होणार नाही. तबल्यासोबत ध्वनिमुद्रण करायचे असेल तेव्हा वायर वापरावी. आपल्या हेडफोनच्या कडेला वायरचे छिद्र असेल आणि फोनला नसेल, तर टाइप-सीचा छोटा जोड मिळतो. तो घेताना दुकानातच आपल्या फोनला लावून, तबला वाजवून, आवाज येतो की नाही हे पाहून घ्या, कारण काही फोनांना आत स्वतःची चिप असलेलाच जोड चालतो.