मदत हवी आहे: गव्हाचा युरिया कमी केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. राहतो पुण्यात, शेती शिरूरकडे, दोन एकर गहू. काका पाणी दिल्यावर ओल्यातच युरिया फेकतात. दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहिलं की युरियातून उडणारा अमोनिया नाकाला झोंबतो. पैसेच उडतात ते! शिवाय जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा. 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो. त्यातलं 1 टक्का जरी असं गेलं तरी साधारण 90 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार. आम्ही सहा गोण्या टाकतो, बघा.

काका म्हणतात, "हात आखडला की ओंबी आखडते."

पेरणीनंतर 21 दिवसांनी द्यायचा युरियाचा हप्ता पाण्याआधी मातीआड करून कुणी गोणी वाचवलीय का? उतारा घटला का? माती तपासून घ्यायला पुण्यात कुठे जाता?