मॅट्रिक्सचे 'अवयव' म्हणजे नक्की काय?

कोडवाली: इंदूरहून लिहितेय. भाची मशीन लर्निंग शिकतेय, शाळा हिंदी मीडियमची, घरात मराठी. तिच्यासाठी लिनियर अल्जेब्राच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्या आणि पहिल्याच पानावर अडले. फॅक्टरायझेशनला, म्हणजे एक मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेला आकड्यांचा तक्ता) दोन-तीन मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडण्याला, मी 'मॅट्रिक्सचे अवयव पाडणे' लिहिलं तर ती म्हणते, मावशी, अवयव म्हणजे तर आत लिहिलेले आकडे ना, ते पाडायचे कसे? बारावीच्या हिंदी पुस्तकात खरंच आव्यूहातल्या, म्हणजे मॅट्रिक्समधल्या, एकेका संख्येला अवयव म्हणतात, आणि आपले अवयव तिथे गुणनखंड. आता काय लिहू?

सराफ्यातला: गुणनखंडच लिही की. शब्द संस्कृत, इंदुरात शेंबड्या पोरालाही कळतो.

निवृत्त मास्तर: मुळीच नको. १२ चे अवयव पाडा म्हटलं की मराठी मूल ३ आणि ४ सांगतं. हिंदीवाल्यांनी शब्द दुसरीकडे लावला म्हणून आपण आपला सोडायचा?

कोडवाली: काका, १२ ला ३×४ काय नि ४×३ काय, सारखंच. मॅट्रिक्समध्ये क्रम उलटला की बहुधा उत्तरच बदलतं. आणि एलयू, क्यूआर, एसव्हीडी अशा पद्धतीच वेगवेगळ्या, एकाच मॅट्रिक्सचे अवयव किती परींनी पाडता येतात.

मास्तर: मग 'पाडणे' तर आणखीनच बरोबर, पाडाल तसे पडतील.

बडोदेकर: 'विघटन' का नको? डिकम्पोझिशन पण म्हणतातच ना.

सराफ्यातला: अहो इंदुरात विघटन म्हटलं की ओला कचरा. पोरगी मॅट्रिक्सचं खत करायला घेईल 😄

कोडवाली: आणि इथे काही कुजत नाही, उलट आटोपशीर होतं. हजार प्रेक्षक, हजार सिनेमे, रेटिंगच्या तक्त्यात दहा लाख घरं. त्याऐवजी एक १०००×१० चा आणि एक १०×१००० चा तक्ता ठेवला तर वीसच हजार आकडे, ज्ञात रेटिंगांवरून ते असे बसवायचे की गुणाकार त्यांच्या जवळपास यावा, मग रिकाम्या घरांचा अंदाजही त्यातूनच निघतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली होती, त्यात हीच युक्ती गाजली.

बडोदेकर: जवळपास आलं तर त्याला अवयव कसं म्हणायचं? ३×४ 'जवळपास' १२ नसतं.

मास्तर: हा प्रश्न मात्र चांगला काढलात. पण आव्यूह शब्द तरी कुणाला आवडतो? मॅट्रिक्स म्हणजे लॅटिनमध्ये गर्भाशय, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५० मध्ये गणितात आणला, मातृ शब्दाशी सख्खं नातं. आपण तिथे चक्रव्यूह उभा केला आणि पोरांचा अभिमन्यू झाला.

सराफ्यातला: आमची आजी म्हणायची पाढा हा शब्द पाडण्यावरूनच आला, गुणाकार पाडत जायचं म्हणून.

मास्तर: आजीला नमस्कार, पण पाढा पठणातला. पढणे, पाढा.

बडोदेकर: पाढ्यांवरून आठवलं, वडिलांना पावकी, निमकी, अडीचकी सगळं तोंडपाठ होतं. औटकी म्हणजे कितीची हो? आम्ही लहानपणी 'आऊट' समजायचो.

मास्तर: साडेतीनची. अर्धचतुर्थ म्हणजे चौथा अर्धा, घासत घासत औट. औटघटकेचा राजा तोच.

कोडवाली: मंडळी, माझ्या नोट्स? सध्या 'फॅक्टर' लिहून पुढे गेलेय.

मास्तर: हरलात की मग ताई.

सराफ्यातला: थांबा हो जरा. आमचे आजोबा औटकीनंतर 'ढोंचा' पण म्हणायचे, साडेचारचा. तो मराठीच ना, का इथल्या हिंदीतनं आमच्या घरात शिरला?