लोणारचा गुलाबी रंग आणि शैवाल

इथल्या चर्चेत दोघांनी लिहिलंय की जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं ते ड्युनालिएला या शैवालामुळे. सुरुवातीला तसा अंदाज होता खरा, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. ते शैवाल नव्हेत, जिवाणूही नव्हेत. नमुना काही काळ स्थिर ठेवला की ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. उन्हाने पाणी आटून क्षार वाढले की त्यांचं फावतं.

शैवालाचा खरा बहर म्हणजे लोणारचा नेहमीचा हिरवा रंग. सामू (pH) १० च्या आसपास असलेल्या, म्हणजे खूप अल्कधर्मी अशा या पाण्यात स्पिरुलिनासारखी नीलहरित शैवालं दाट माजतात. म्हणून इथे हिरवं पाणी दिसलं की लगेच प्रदूषण म्हणणं मला पटत नाही. काळजी वाटते ती गावातून उतरणाऱ्या सांडपाण्याची आणि शेतातल्या खतांची. गोडं पाणी जास्त आलं तर खारटपणा उतरतो, आणि मग इथली खास जीवसृष्टीच बदलते. सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, पण तेवढ्याने सांडपाणी थांबत नाही. त्यासाठी नगरपरिषदेकडे सतत पाठपुरावा करायला हवा.