न्यूटन गणिताकडे वळला तो नेमका कधी?

प्रश्न

आयझॅक न्यूटनच्या चरित्रातील एक दुवा मला नीट जुळवता येत नाही. त्याच्या वडिलांना स्वतःची सही करता येत नव्हती, आईने त्याला ऐन शिक्षणाच्या वयात शाळेतून काढून शेतीला लावले आणि ज्या शाळेत तो शिकला तिथे भर होता तो मुख्यतः लॅटिनवर. असे असताना १६६१ मध्ये केंब्रिजला गेलेला हा मुलगा चार-पाच वर्षांत कलनशास्त्रापर्यंत (कॅल्क्युलसपर्यंत) पोहोचला कसा? प्लेगच्या काळात घरी असताना त्याला सारे एकदम सुचले, असे सांगितले जाते. ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

सुरुवात घरापासूनच करावी लागेल. न्यूटनचा जन्म लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प येथे २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. (इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, आजच्या गणनेने ही तारीख ४ जानेवारी १६४३ येते, म्हणून पुस्तकांत दोन्ही वर्षे आढळतात.) वडील त्याच्या जन्माच्या सुमारे तीन महिने आधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आई हॅना हिने बार्नबस स्मिथ या वयस्क धर्मोपदेशकाशी लग्न केले आणि मुलाला आजीच्या हवाली करून ती जवळच्याच नॉर्थ विदम गावी राहायला गेली. ती परतली ती १६५३ मध्ये, स्मिथच्या मृत्यूनंतर, तीन सावत्र भावंडांना घेऊन. हा सल किती खोल होता, हे न्यूटनने १९व्या वर्षी स्वतःच्या पापांची जी यादी सांकेतिक लघुलिपीत लिहिली तिच्यावरून कळते: स्मिथ आई-वडिलांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, अशी कबुली त्याने तीत दिली आहे. एकटेपणामुळे कोणी गणिती होत नाही, हे मान्य. पण तासन्‌तास एकाच गोष्टीत गढून जाण्याची सवय मला तरी याच वर्षांत रुजलेली दिसते.

प्रतिसाद २

शाळेबद्दल थोडी भर घालतो. ग्रँथमच्या शाळेत शिकताना तो क्लार्क नावाच्या औषधविक्रेत्याच्या घरी राहत असे. पवनचक्कीची चालती प्रतिकृती, पतंगाला बांधलेले कंदील आणि सावलीवरून वेळ दाखवणारी घड्याळे या त्याच्या तिथल्या उद्योगांच्या आठवणी गावकऱ्यांनी पुढे अनेक वर्षे सांगितल्या. आईने त्याला घरी आणले खरे, पण शेतीत त्याचे मन मुळीच रमले नाही. मेंढ्या मोकाट सोडल्याबद्दल, डुकरे दुसऱ्याच्या पिकात शिरल्याबद्दल आणि कुंपण मोडके ठेवल्याबद्दल १६५९ मध्ये त्याला दंड झाल्याची नोंदच आहे. अखेर मामा विल्यम आयस्कॉ आणि मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स यांनी आईचे मन वळवले. या दोघांचे ऋण फार मोठे आहे आणि त्यांची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते. आणखी एक: शाळेतील लॅटिन वाया गेले, असे समजू नये. युरोपातील गणित त्या काळी लॅटिनमध्ये लिहिले जात होते आणि ते वाचायला त्याला कोणाचीही मदत लागली नाही.

प्रतिसाद ३

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आई सधन असूनही न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो इतरांची कामे करून शिकणारा विद्यार्थी म्हणून. तिथला ठरलेला अभ्यास अजूनही ॲरिस्टॉटलभोवती फिरत होता, त्यामुळे नवे गणित त्याने स्वतःच मिळवले. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तची भूमिती त्याने लॅटिन आवृत्तीतून, अडेल तिथे पुन्हा मागे जात, पचवली. इंग्रज गणिती जॉन वॉलिसच्या अनंत श्रेढींवरील (न संपणाऱ्या पदांच्या बेरजांवरील) लेखनाचा अभ्यास करताना १६६४-६५ च्या हिवाळ्यात त्याला द्विपद श्रेढीची, म्हणजे दोन पदांच्या बेरजेचा कोणताही घात अशा बेरजेच्या रूपात मांडण्याची, वाट सापडली. विद्यापीठ प्लेगमुळे बंद झाले ते १६६५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पाया त्याआधीच घातला गेला होता. वूल्सथॉर्पला त्याला मिळाली ती सलग, निवांत सवड, आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही; मात्र ‘एकदम सुचले’ हे वर्णन त्याच्या वह्यांशी जुळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. माझ्या मनात सगळा उलगडा प्लेगच्या दोन वर्षांतच अडकून पडला होता, १६६४ कडे मी पाहिलेच नव्हते. या वह्यांपैकी काही आज उपलब्ध आहेत का?

प्रतिसाद ३

होय. कलनशास्त्राची सुरुवातीची बरीचशी मांडणी ज्या जाडजूड वहीत आहे, ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहे. ती मुळात बार्नबस स्मिथची होती. त्याने धर्मशास्त्रीय विषयांचे मथळे लिहून बहुतेक पाने कोरीच सोडली होती. कागद महाग होता, म्हणून न्यूटनने ती केंब्रिजला नेली आणि ज्या माणसामुळे त्याची आई दुरावली होती, त्याच माणसाच्या कोऱ्या पानांवर वक्रांच्या स्पर्शिका आणि क्षेत्रफळे मांडली.