मदत हवी आहे : टी.सी. नसल्यामुळे मुलीचे नाव पटावर घेतले जात नाही. नागपुरात विनामूल्य वकील कसा मिळवावा?

नमस्कार. मी पूर्व नागपुरात राहते आणि आमच्या वस्तीतील बारा वर्षांच्या एका मुलीसाठी हे विचारत आहे. तिचे वडील कळमना बाजारात हमाली करीत असत. पाठीला दुखापत झाल्यापासून ते घरीच आहेत आणि आई चार घरची धुणीभांडी करून संसार ओढते. खासगी शाळेची फी भरणे अशक्य झाल्याने जूनअखेर शाळा उघडताच आईने मुलीला जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेत सातवीसाठी नेले. थकीत फी भरल्याशिवाय टी.सी. मिळणार नाही असे जुन्या शाळेने सांगितले, आणि टी.सी. नाही म्हणून नवी शाळा नाव दाखल करून घेत नाही.

मुख्याध्यापकांनी तिला वर्गात बसू दिले आहे, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. परंतु मी आईसोबत शाळेत गेले तेव्हा बाईंनी हजेरीपट उघडून दाखवला, त्यात शेवटच्या क्रमांकाच्या खाली तिचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते आणि त्यापुढचे सगळे चौकोन कोरे होते. तिला पुस्तकांचा संच मिळालेला नाही, गणवेशाच्या यादीतही तिचे नाव नाही. मराठीचे धडे ती मैत्रिणीच्या पुस्तकातून वहीत उतरवून घेते. अशा दोन वह्या तिने मला दाखवल्या.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मी वाचला. कलम ५ नुसार शाळा बदलणाऱ्या बालकाला जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला मिळण्यास विलंब झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवताही येत नाही. कायदा इतका स्पष्ट असताना आम्ही दोन्ही शाळांत तोंडी विनंत्या करण्यातच दीड महिना घालवला, याची खंत वाटते. आता दोन्हीकडे लेखी अर्ज दिले आहेत. नव्या शाळेने आमच्या प्रतीवर पोचचा शिक्का दिला. जुन्या शाळेने अर्ज घेतलाच नाही, म्हणून तो स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवली आहे. जन्मदाखला, आधार आणि सहावीचे प्रगतिपत्रकही हाताशी आहे.

कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शहरात स्थानिक प्राधिकरण म्हणजे महानगरपालिकाच, आणि नवी शाळाही तिचीच. मग दोन्ही शाळांविरुद्ध एकच तक्रार करावी, की जुन्या शाळेसाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्यावा? शिवाय तीन महिने वाट पाहिली तर पहिले सत्र हातचे जाईल. तोपर्यंत तात्पुरता प्रवेश नोंदवून घेण्याचा आदेश मागता येतो का?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, आणि त्या सेवेत न्यायालयाबाहेरील प्राधिकरणांपुढील कामकाज व कायदेशीर सल्लाही येतो. म्हणून सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाण्याचा आमचा विचार आहे. १५१०० या हेल्पलाइनवरही फोन करणार आहोत. ज्यांनी नागपुरात हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे, अर्ज आईच्या नावाने करावा की मुलीच्या, आणि शाळेच्या प्रकरणांचा अनुभव असलेले वकील तेथे मागून मिळतात का? एखाद्या विधी महाविद्यालयाचे मदत केंद्र मसुदा तपासून देत असेल तर तेही हवे आहे.

आईची भीती मात्र वेगळीच आहे. ती म्हणाली, "ताई, पोरगी वर्गात बसते न, मंग कायले भांडता? उद्या तिलेच बोलतीन." तिला मी अजून समाधानकारक उत्तर देऊ शकलेले नाही. कलम १७ नुसार बालकाचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे हे मी तिला सांगितले, पण कलमाने धीर येत नाही. तक्रारीनंतर मुलीला त्रास होऊ नये म्हणून आपण काय काळजी घेतलीत, हे अनुभवी पालकांनी लिहिले तर ते मी तिला वाचून दाखवीन. दोन्ही शाळांची नावे त्याच कारणाने येथे देत नाही.

आणखी एक विचारायचे आहे : नाव पटावर चढले, तर पेन्सिलीने लिहिलेल्या नावासमोरच्या कोऱ्या चौकोनांचे दिवस तिची उपस्थिती म्हणून धरले जातील का?