जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवायचे आहे : गिअरबॉक्स आणि हाउसिंग कोणते ठेवावे?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

आमच्याकडे वडिलांच्या काळातील सीजे३बी जीप असून तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे. नागपूरच्या कबाडी बाजारात २५२३ सीसीचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन मिळत आहे, मात्र त्यासोबत गिअरबॉक्स नाही. जुना तीन गिअरचा बॉक्स अॅडॉप्टर प्लेट (न जुळणारे इंजिन व बॉक्स जोडणारी चकती) लावून वापरावा, की पाच गिअरचा शोधावा? हाउसिंगमधील (चाकांच्या अॅक्सलच्या खोळीतील) क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चक्रांची जोडी, ५.३८ चे आहे : चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून अॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ५.३८ फेरे. तेही बदलावे काय? गाडी मुख्यतः खताच्या गोण्या व कापूस वाहण्यासाठी लागते, आणि आठवड्यातून एकदा यवतमाळला जाते.

प्रतिसाद (वणी)

भाऊ, शक्य असल्यास इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससह, क्लच आणि बेल हाउसिंग (क्लचवरचे आवरण) सोडवून न घेता उचलावे. अॅडॉप्टर प्लेट खरादीवर बनते. परंतु तिचे केंद्र किंचित जरी चुकले, तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणारा दांडा) आणि त्याचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग लवकर जातात, आणि दोष मात्र इंजिनाच्या नावावर लागतो. शिवाय डिझेलचे झटके तीन गिअरच्या त्या जुन्या बॉक्सला फार दिवस सोसवत नाहीत.

क्राउन-पिनियनचा हिशेब आधी कागदावर करावा. ६.०० × १६ च्या टायरचा व्यास सुमारे २८ इंच, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २.२३ मीटर पुढे जाते. टॉप गिअर सरळ १:१ असेल, तर ५.३८ वर इंजिनाच्या मिनिटाला २५०० फेऱ्यांना ताशी ६२ किलोमीटर मिळतात, आणि ३२०० फेऱ्यांना, जिथे गव्हर्नर या इंजिनाला आवरतो, ८० च्या आतच वेग थांबतो. पाचवा गिअर ०.८५ चा (इंजिनाच्या ०.८५ फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा) मिळाल्यास २५०० फेऱ्यांवर ७३ होतात. आपल्या रस्त्यांना एवढे पुरे आहे.

प्रतिसाद (अचलपूर)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. जास्त वेगासाठी ४.२७ चे क्राउन-पिनियन घालण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्या गिअरची ओढ सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून गोण्या भरलेली गाडी काढताना क्लच प्लेट जळते.

एक चूक माझ्या हातून झाली होती, म्हणून सांगतो. मी फक्त मागचे क्राउन-पिनियन बदलले आणि पुढचे तसेच ठेवले. चिखलात ते खपून गेले, पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील लागलेले राहताच पुढच्या शाफ्टचा क्रॉस (फिरता सांधा) तुटला. पुढचे व मागचे प्रमाण एकच हवे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना ताणतात. तपासणी सोपी आहे : गाडी न्यूट्रल करून एक चाक जॅकवर घ्यावे, दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवावे, उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावे.

इंधन बदलत असल्यामुळे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. पासिंगच्या वेळी नवा इंजिन क्रमांक विचारला जातोच.

प्रश्नकर्ता

आज खडू घेऊन मोजले. पुढचा शाफ्ट पाच फेरे आणि तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त फिरला, मागचा मात्र पाचालाही थोडा कमी पडला. म्हणजे मागे कोणीतरी कधी काळी ४.८८ ची जोडी घातलेली आहे. फोर-व्हीलची दांडी एकदा ओढली की ती सुटत का नसे, हे आता कळले. मागच्यासाठी ५.३८ ची जोडी शोधतो, आणि इंजिन गिअरबॉक्ससह मिळेपर्यंत थांबतो.