मदत हवी आहे: टोकियोत ग्लूटेन-फ्री सुशी, छोटं आणि परवडणारं काउंटर

नमस्कार मंडळी, आम्ही निशी-कसाईला राहतो, पुढच्या महिन्यात धाकटी बहीण पुण्याहून येतेय, तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला त्रास होतो, त्यामुळे गहू-जव अजिबात चालत नाही आणि तिला एकदा तरी काउंटरवर बसून शेफच्या हातची सुशी खायचीच आहे. मासा नि भात, त्यात काय असं सगळे म्हणतात पण खरी गोम सॉसमध्ये आहे. साध्या शोयूत (जपानी सोया सॉस) गहू असतो आणि बऱ्याच ठिकाणी शेफ निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) पुढ्यात ठेवायच्या आधीच तिच्यावर सॉसचा ब्रश फिरवतो, शिवाय उनागीचा (ईल मासा) गोड सॉस, खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या सुरिमीच्या (माशाचा लगदा) कांड्या, त्यातही बहुतेक वेळा गहू. पाकिटावर गहू लिहिणं इथे बंधनकारक आहे, जव नाही, आणि हॉटेलांना तर तो नियमच लागू नाही.

गहू नसलेल्या तामारीची (सोया सॉसचाच एक प्रकार) छोटी बाटली आपली आपण नेली तर चालतं का, की शेफला वाईट वाटतं? दुपारी माणशी २००० येनपर्यंत, एदोगावा किंवा त्सुकिजीकडे कोणी स्वतः खाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. तिने आयुष्यभर इतकं टाळलंय, इथे तरी निवांत जेवावं असं फार वाटतं. जपानीतलं अ‍ॅलर्जी कार्ड कोणाकडे असेल तर त्याचाही फोटो टाका ना.